मोसंबीची पानगळ आणि पान ओले राहण्याचे तास : अंबड तालुक्यातील बागेच्या एका पावसाळ्याच्या नोंदी

या नोंदी जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील आमच्या दोन एकर मोसंबीच्या बागेतील आहेत. झाडे न्यूसेलर जातीची, रंगपूर लिंबाच्या खुंटावरची, नऊ वर्षांची आणि सहा बाय सहा मीटर अंतरावर लावलेली असून आंबे बहार (जानेवारीच्या सुमारास येणारा फुलोरा) धरलेला आहे. मागील दोन पावसाळ्यांत ऑगस्ट संपता संपता झाडांचा खालचा घेर पानांवाचून उघडा पडत होता, पाठोपाठ फळगळ होत होती, आणि ‘यंदा पाऊस जास्त झाला’ एवढ्यावर चर्चा थांबत होती. पाऊस किती पडला याऐवजी पाने किती वेळ ओली राहिली आणि तेव्हा तापमान काय होते, हे मोजले तर पानगळीच्या रोगावरील फवारणीचा दिवस ठरवता येईल का, हे पाहण्यासाठी काम हाती घेतले.

२४ मे

बागेचे दोन टप्पे आहेत. वरचा टप्पा मुरमाड, हलका, उतारावरचा. खालचा काळ्या भारी जमिनीचा, ओढ्याला लागून असलेला आणि पश्चिमेकडून शेवरीच्या दाट ओळीने अडवलेला. ही शेवरी उन्हाळ्यातील गरम वाऱ्यापासून बाग वाचवते, पण पावसाळ्यात तीच वारा अडवते, हे आजवर आम्ही लक्षात घेतले नव्हते.

दोन्ही टप्प्यांतील सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढली. वाळलेल्या फांद्यांवर बुरशी वर्षभर टिकून राहते आणि पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या हिरव्या पानांवर उतरते, म्हणून सल शेतातच न टाकता बांधाबाहेर नेऊन जाळली. खोडांना जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम हे बुरशीनाशक लावले (मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर).

जमिनीला टेकलेल्या फांद्या सुमारे अडीच फुटांपर्यंत छाटून झाडाचा घेर उचलावा, असा माझा आग्रह होता. थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की, त्याच फांद्यांवर आंबे बहाराची लिंबाएवढी फळे लागली आहेत आणि मे महिन्यात हाताने फळ तोडून टाकणे परवडत नाही. त्यांचे म्हणणे हिशेबाला धरून होते. शेवटी खालच्या टप्प्याचा अर्धा भाग छाटला आणि अर्धा तसाच ठेवला. तडजोड म्हणून केलेली ही विभागणीच पुढे सर्वांत उपयोगी ठरली. खालच्या टप्प्यात दर दोन ओळींमध्ये उताराच्या दिशेने चर काढला; याला तीन मजूर आणि दोन दिवस लागले.

८ जून

आमच्या महसूल मंडळाचे स्वयंचलित हवामान केंद्र बागेपासून बरेच दूर आहे. मृगाच्या सरी एका शिवारात पडतात आणि शेजारचे शिवार कोरडे राहते, त्यामुळे तेथील आकडा बागेसाठी धरता येत नाही. बागेत साधे पर्जन्यमापक बसवले आणि तापमान व आर्द्रता दर अर्ध्या तासाने नोंदवणारी दोन छोटी यंत्रे घेतली. दोन्ही मिळून सुमारे चार हजार रुपये लागले. पान ओले आहे की नाही हे थेट सांगणारे सेन्सर मिळतात, पण ते आमच्या आवाक्यातले नव्हते. आर्द्रता ९० टक्क्यांवर असेल तेवढा वेळ पान ओले धरायचे, हा रूढ आणि ढोबळ संकेत वापरायचे ठरवले.

पहिला आठवडा वाया गेला. यंत्र पत्र्याच्या तुकड्याखाली टांगले होते. दुपारी पत्रा तापला की तापमान चार-पाच अंशांनी वाढलेले दिसे आणि आर्द्रता तेवढीच खोटी खाली येई. पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या बोटभर अंतर ठेवून एकावर एक बसवल्या, मधल्या ताटल्यांना भोक पाडून त्यात यंत्र ठेवले आणि ते झाडाच्या घेराच्या आत, जमिनीपासून तीन फुटांवर टांगले. त्यानंतरच्या नोंदी विश्वासार्ह आहेत.

२४ जून

काल संध्याकाळी दीड तासात ६४ मिलिमीटर पाऊस झाला. ओढा भरून वाहिला आणि खालच्या टप्प्यात चर काठोकाठ भरले. आज सकाळपासून कडक ऊन आणि पश्चिमेचा जोराचा वारा आहे. वरच्या टप्प्यातील पाने आठ वाजता कोरडी झाली होती, खालच्या टप्प्यातील साडेनऊपर्यंत. एवढ्या पावसानंतर रोग येणारच असे शेजारच्या बागांत सर्वांचे मत होते आणि दोन बागांत आजच फवारणी झाली. आम्ही खुणेची झाडे ठरवून वाट पाहायचे ठरवले.

५ जुलै

खुणेच्या एकाही झाडावर नवा डाग नाही. त्या एका पावसानंतर आर्द्रा नक्षत्राचे उरलेले दिवस कोरडे गेले.

१२ जुलै

यंत्राची आर्द्रता आणि प्रत्यक्ष पानाचा ओलावा यांत किती फरक पडतो हे पाहण्यासाठी टिशू कागद वापरला. घेराच्या आतील पान दोन बोटांत धरून कागद खालच्या बाजूला हलकेच दाबायचा. ओल असेल तर कागदावर शिरांची जाळी उमटते. पहाटेच्या रिमझिमीनंतर यंत्राने साडेनऊला पान कोरडे असल्याचे दाखवले, पण न छाटलेल्या झाडांच्या आतील, एकमेकांवर चिकटलेल्या पानांवर बारा वाजेपर्यंत कागद ओला होत होता. छाटलेल्या झाडांत यंत्र आणि कागद यांत तासाभराचाही फरक नव्हता. तेव्हापासून न छाटलेल्या झाडांसाठी यंत्राच्या तासांत दोन तास मिळवून लिहितो.

याच आठवड्यात काही पानांवर काळा थर दिसला आणि रोग आला अशी घबराट झाली. ओल्या फडक्याने पुसताच थर निघून खाली निरोगी हिरवे पान दिसले. ती कोळशी आहे. काळ्या माशीच्या पिल्लांनी टाकलेल्या चिकट द्रवावर वाढणारी ही बुरशी पानाच्या आत शिरत नाही, म्हणून येथे माशीचा बंदोबस्त करायचा असतो. पुसून पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. चुकीच्या औषधाचा खर्च वाचतो.

२० ऑगस्ट

१४ तारखेपासून झड लागली आणि ती काल संध्याकाळी उघडली. सहा दिवसांत मिळून पाऊस केवळ ५८ मिलिमीटर, म्हणजे जूनमधील त्या एका संध्याकाळपेक्षाही कमी. मात्र सूर्य जवळजवळ दिसलाच नाही, वारा पडलेला होता आणि तापमान रात्रंदिवस २३ ते २७ अंशांच्या दरम्यान राहिले. खालच्या टप्प्यातील यंत्राने १५ तारखेच्या पहाटेपासून १८ तारखेच्या दुपारपर्यंत आर्द्रता ९० टक्क्यांच्या खाली गेलेली दाखवलेली नाही. वरच्या टप्प्यात दुपारी दोन-तीन तास पाने सुकत होती.

१३ तारखेला बोर्डो मिश्रण फवारायचे ठरले होते, पण मोरचूद तालुक्याच्या गावाहून वेळेत आले नाही, आणि झड सुरू झाल्यावर फवारणी करणे व्यर्थ होते. बोर्डोचा थर एकदा पानावर नीट सुकला की पावसाला दाद देत नाही. पण सुकायच्या आत पाऊस आला तर वाहून जातो, आणि फार सावकाश सुकला तर कोवळ्या नवतीला डाग पाडतो.

२४ ऑगस्ट

न छाटलेल्या अर्ध्या भागात खालच्या फांद्यांवर पानांचे शेंडे गडद, पाणी मुरल्यासारखे दिसू लागले. डाग टोकाकडून किंवा कडेकडून देठाकडे सरकतो, आधी काळपट हिरवा आणि मग तपकिरी होतो; पान वळते आणि फांदीला नुसता हात लावला तरी गळते. जमिनीला टेकलेल्या काही फळांवर चामड्यासारखा तपकिरी पट्टा आहे. फळ दाबले तर घट्टच लागते, पण वास उग्र आणि आंबूस येतो.

पोळ्यामुळे दोन दिवस मजूर नव्हते. बंधूंनी दुकानातून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणले होते आणि आज त्याची फवारणी अर्ध्या टप्प्यावर झाली. मला रोगाची ओळख पटवून घेतल्याशिवाय पुढची फवारणी नको होती.

२६ ऑगस्ट

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाची सोय होती. डाग पडलेली पाने धुऊन ओल्या कागदाबरोबर डब्यात रात्रभर झाकून ठेवली. सकाळी डागाच्या कडेवरची अगदी बारीक पांढुरकी लव सुईने काचपट्टीवर घेतली. चारशे पट मोठे करून पाहिल्यावर लिंबाच्या आकाराच्या, टोकाला स्पष्ट बोंड असलेल्या पिशव्या दिसल्या. तीच काचपट्टी अर्धा तास शीतपेटीत ठेवून बाहेर काढली, तेव्हा काही पिशव्यांची टोके उघडली आणि आतून कण बाहेर पडून पाण्यात पोहू लागले. वर्गातील मुले आळीपाळीने डोळा लावून बराच वेळ पाहत होती.

हा फायटोप्थोरा. व्यवहारात त्याला बुरशीच म्हणतात, पण जातकुळीने तो खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळांना जवळचा आहे, आणि म्हणूनच कार्बेन्डाझिमचा त्याच्यावर परिणाम होत नाही. परवाच्या फवारणीचे औषध, डिझेल आणि मजुरी मिळून साडेचार हजार रुपये गेले.

त्या पोहणाऱ्या कणांमुळे जूनचा आणि ऑगस्टचा फरक समजतो. रोगाचे बीज जमिनीत असते. पावसाचा थेंब मातीवर आपटला की ते चिखलाच्या शिंतोड्यांबरोबर दोन-तीन फूट उडून खालच्या पानांवर बसते. पुढे पानात शिरण्यासाठी त्याला पानावर पाण्याचा पातळ थर सलग टिकलेला लागतो. जूनच्या पावसाने शिंतोडे भरपूर उडवले, पण सकाळच्या उन्हावाऱ्याने पान सुकले आणि पानावर आलेले बीज तेथेच संपले. झडीत शिंतोडे थोडे उडाले, पण पान सुकलेच नाही.

२८ ऑगस्ट

फोसेटिल ॲल्युमिनियम लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात फवारले. हे औषध पानातून मुळांकडे आणि मुळांकडून पानांकडे, असे दोन्ही बाजूंनी झाडात फिरते, त्यामुळे रोग शिरल्यानंतरही त्याचा उपयोग असतो. यात ताम्रयुक्त औषध मिसळू नये. फोसेटिलच्या आम्लतेमुळे तांबे जास्त प्रमाणात विरघळते आणि पाने भाजतात. एकाच टाकीत दोन्ही उरकण्याचा मोह होतो, कारण मजुरी एकदाच लागते. पण तो टाळावा.

६ सप्टेंबर

गळ थांबली आहे. तरीही हे श्रेय एकट्या औषधाला देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, कारण २७ ऑगस्टपासून सलग ऊन आहे आणि दुपारची आर्द्रता ६० टक्क्यांपर्यंत उतरते. न फवारलेली झाडे ठेवली नसल्यामुळे औषधाने किती थांबवले आणि उन्हाने किती, हे वेगळे करता येत नाही. पुढच्या फवारणीत एक ओळ कोरी ठेवणे भाग आहे. एवढे मात्र स्पष्ट झाले की, झड सुरू झाल्यापासून डाग दिसेपर्यंत दहा दिवस गेले. म्हणजे पान गळताना पाहून फवारणी करणारा माणूस नेहमीच आठवडाभर उशिरा पोहोचतो.

१२ सप्टेंबर

परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला आता नेमाने वाचतो. मंगळवारच्या सल्ल्यात पुढच्या आठवड्यात ढगाळ वातावरण आणि पावसाचा अंदाज होता, म्हणून उत्तरा नक्षत्र लागण्याच्या आत काम उरकले.

आधी दोन्ही टप्प्यांतील गवत यंत्राने कापले. कमरेएवढ्या गवतातील हवा दिवसभर दमट राहते आणि खालच्या पानांना सुकू देत नाही. त्यानंतर एक टक्का बोर्डो केले. प्लास्टिकच्या एका पिंपात ५० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, दुसऱ्यात ५० लिटर पाण्यात १ किलो चुना, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतून लाकडी काठीने ढवळणे, ही पद्धत. तयार मिश्रणात लोखंडी खिळा बुडवला तेव्हा त्यावर तांबूस थर आला, म्हणजे तांबे मोकळे राहिले होते. चुना जुना आणि हवेने फुललेला असल्यामुळे त्याचा जोर गेला होता. गाळलेली चुन्याची निवळी थोडी थोडी घालत खिळा स्वच्छ निघेपर्यंत दोन तास गेले. खड्याचा ताजा चुनाच आणावा. पिशवीतील भुकटीवर विसंबू नये.

बीज जमिनीतून उडते हे कळल्यामुळे संपूर्ण झाड न भिजवता फक्त खालचा चार फुटांचा घेर, आतील बाजू आणि खोडाभोवतीची जमीन एवढेच फवारले. पूर्ण झाडांना दोन हजार लिटर मिश्रण लागते, येथे नऊशे लिटरमध्ये भागले. खर्च, मजुरी धरून, साडेपाच हजार. खालच्या टप्प्यातील मधली ओळ दोन्ही भागांतून जाते, ती कोरी ठेवली. कडेची ओळ यासाठी घेतली नाही, कारण ओढ्यामुळे ती आधीच अधिक दमट असते. वरचा टप्पाही फवारला नाही.

२७ सप्टेंबर

१९ पासून काल रात्रीपर्यंत पाऊस सुरूच होता. एकूण १४२ मिलिमीटर, त्यातील बराचसा संथ भीज पाऊस. खालच्या टप्प्यात सलग ओलाव्याचा एक पट्टा चाळीस तासांचा आणि दुसरा तीस तासांहून थोडा अधिक आहे. वरच्या टप्प्यात सलग ओलावा एकदाही चौदा तासांपुढे गेला नाही. एका ठिकाणी चर मातीने बुजल्यामुळे चार झाडांच्या बुडाशी दोन दिवस पाणी तुंबले आणि त्यांची पाने शिरांसकट पिवळी पडली. हा पानावरचा रोग नव्हे, मुळांचा श्वास कोंडल्याची खूण आहे. चर मोकळा करण्याखेरीज त्यावर फवारणीचा इलाज नाही.

५ ऑक्टोबर

खुणेच्या झाडांखाली जुन्या शेडनेटचे तुकडे अंथरून आठवडाभर गळालेली डागाळ पाने मोजली. खालच्या टप्प्यात न छाटलेल्या आणि न फवारलेल्या झाडाखाली सरासरी १९० पाने पडली. न छाटलेल्या पण फवारलेल्या झाडाखाली ८५, छाटलेल्या पण न फवारलेल्याखाली ७०, आणि छाटून फवारलेल्याखाली ३०. वरच्या टप्प्यात काहीही न फवारता २५. झाडे थोडी आहेत, त्यामुळे या आकड्यांना नेमका तराजू मानू नये. पण केवळ फवारणीपेक्षा केवळ छाटणीने गळ थोडी अधिक रोखली, ही गोष्ट बंधूंनी स्वतः पाने मोजून पाहिली आहे.

२६ ऑक्टोबर

आठवडाभर दहिवर जोरात पडत आहे. पहाटे दोनपासून सकाळी साडेआठपर्यंत पाने ओली असतात आणि दोन दिवस धुईही होती. ओलाव्याचे रोजचे तास मोजले तर चिंता वाटावी, पण नवा डाग नाही. दहिवराने माती उडत नाही, रात्रीचे तापमान १८-१९ अंशांवर आले आहे आणि नऊनंतर पान हमखास सुकते. म्हणून नोंदवहीत नुसते ओल्या तासांचे रकाने ठेवणे पुरेसे नाही. शिंतोडे उडवणारा पाऊस, त्यानंतर अठरा-वीस तासांपुढे गेलेला सलग ओलावा आणि २३ ते ३० अंशांचे तापमान, अशा तिन्ही बाबी एकत्र आलेल्या दिवसांवर आता लाल खूण करतो. संपूर्ण हंगामात अशी खूण ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या त्या दोन झडींवरच पडली आहे.

आमच्या शेजारच्या कागदी लिंबाच्या बागेत मात्र सप्टेंबरच्या पावसानंतर पानांवर खरखरीत, दोन्ही बाजूंनी उचललेले, पिवळ्या वलयाचे ठिपके आले. तो खैऱ्या आहे आणि तो जिवाणूंमुळे होतो; त्याचे वेळापत्रक वाऱ्यासह येणाऱ्या पावसाशी जोडलेले असते. या नोंदींतील निकष त्याला लावू नयेत.

१३ डिसेंबर

तोड पूर्ण झाली. छाटलेल्या अर्ध्या भागात मे महिन्यात गमावलेली फळे आणि न छाटलेल्या भागात गळून गेलेली फळे यांचा हिशेब क्रेट मोजून केला: दोन्ही भागांत तीन क्रेटचा फरक आहे, आणि तो छाटलेल्या भागाच्या बाजूने. त्याहून मोठा फरक झाडांच्या अंगावर दिसतो. न छाटलेल्या झाडांचा खालचा घेर उघडा आहे आणि तेथील बारीक फांद्यांवर शेंडामर (शेंड्याकडून वाळणे) सुरू झाली आहे. त्यावर जानेवारीत फूल धरणार नाही.

उरलेल्या अर्ध्या भागाची छाटणी ताण देण्याच्या (पाणी तोडण्याच्या) काळातच, म्हणजे झाडावर फळ नसताना, या आठवड्यात सुरू केली. शेवरीची ओळ काढायची नाही, पण तिच्या खालच्या पाच फुटांतील फांद्या जूनच्या आधी विरळ करायच्या आहेत. त्याने पाने किती लवकर सुकतात, हे दोन्ही यंत्रे जागच्या जागी ठेवून पुढच्या पावसाळ्यात मोजू. मोरचूद आणि खड्याचा चुना जुलैअखेर घरात आणून ठेवायचा आहे. चुना मात्र झाकणबंद डब्यात.